रिक्त जुळणी आणि मराठी मजकूर



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून संगणकाच्या शोधयंत्रणेतील एका बारकाव्याविषयी तासभर बोलावे, हे प्रथमदर्शनी अनुचित वाटण्याजोगे आहे. परंतु ज्या वसाहतीत आपण आज जमलो आहोत, त्या कामोठ्यातून रोज सकाळी मानसरोवर स्थानक गाठून ऐरोलीच्या, महाप्याच्या आणि मुंबईच्या कचेऱ्यांकडे जाणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळांचा दिवस मजकूर शोधणे, तो तोडणे, जोडणे आणि बदलणे यांतच खर्ची पडतो. आणि आपली दप्तरे, कोश, मतदारयाद्या व जमिनींच्या नोंदी ज्या वेगाने कागदावरून यंत्रात उतरत आहेत तो वेग पाहता, शोधाचे नियम कोणी, कोठे आणि काय ठरवले आहेत हा प्रश्न केवळ त्या धंद्यातल्या माणसांचा राहिलेला नाही. म्हणून या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली तेव्हा, काहीही न सापडता ‘सापडले’ असे जे उत्तर यंत्र देते, त्या उत्तराचा विचार आपल्यापुढे मांडावा असे मी ठरवले.

शोधावयाच्या मजकुराचे मोजक्या चिन्हांत केलेले वर्णन म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. कामकरी मंडळी त्याला रेजेक्स म्हणतात. त्यातील बहुतेक अक्षरे स्वतःचाच अर्थ सांगतात. काही थोड्या चिन्हांना मात्र विशेष अधिकार दिलेले आहेत. एखाद्या अक्षरापुढे अधिकचे चिन्ह लिहिले तर ते अक्षर एकदा किंवा अनेकदा यावे असा अर्थ होतो. तारा लिहिला तर ते शून्य वेळा किंवा अनेकदा यावे असा. या ‘शून्य वेळा’ शब्दांतच आजचा सगळा विषय सामावलेला आहे. ‘म*’ हा नमुना घेऊन ‘कमळ’ या शब्दात शोध करा. यंत्र पहिल्या अक्षराच्या अलीकडे उभे राहते आणि विचारते, येथून पुढे शून्य किंवा अधिक ‘म’ आहेत काय? समोर ‘क’ आहे. म्हणजे शून्य ‘म’ आहेत. म्हणजे नमुना जुळला. जे सापडले त्याची लांबी शून्य आहे; परंतु त्याला स्थान आहे, आणि ते स्थान ‘क’च्या अलीकडचे आहे, पलीकडचे नव्हे. लांबी नसलेल्या परंतु जागा असलेल्या अशा या प्राप्तीला मी रिक्त जुळणी म्हणेन.

ही वस्तू शास्त्रात कशी आली, याचा इतिहास मोठा बोधक आहे. १९४३ साली मॅक्कुलक आणि पिट्स यांनी मज्जातंतूंच्या जाळ्याचे एक तार्किक प्रतिरूप मांडले. अशा जाळ्याला कोणत्या घटनाक्रमांची ओळख पटू शकेल याचा शोध घेताना अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये रँड या संस्थेसाठी एक टिपण लिहिले, आणि ते १९५६ मध्ये शॅनन व मॅकार्थी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. आज ज्याला क्लीनीचा तारा म्हणतात तो या टिपणातला. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की मूळ टिपणात हा तारा दोन वर्णनांच्या मध्ये येणारा होता. पहिले वर्णन कितीही वेळा येवो, अगदी न येवो, परंतु शेवटी दुसरे वर्णन आलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ असल्यामुळे नुसत्या ताऱ्यातून रिकामी अक्षरमाला निपजण्याचा संभव तेथे नव्हता. १९५८ मध्ये कोपी, एलगॉट आणि राइट या तिघांनी दुसऱ्या वर्णनाचे हे बंधन सोडून तारा एकट्या वर्णनाला जोडला. मांडणी फार सोपी झाली आणि तीच सर्वत्र रूढ झाली. पण त्याच दारातून रिकामी अक्षरमाला स्वतःच्या हक्काने शास्त्रात शिरली.

गणिताला तिची अडचण वाटली नाही. तेथे रिकामी अक्षरमाला आणि रिकामा संच यांत पहिल्या दिवसापासून स्वच्छ भेद केलेला आहे. ज्या भाषेत एकही शब्द नाही ती भाषा निराळी, आणि जिच्यात एक शब्द आहे पण तो शून्य लांबीचा आहे ती भाषा निराळी. आपल्या परंपरेला तर हा भेद मुळीच नवखा नाही. पाणिनीने लोपाची व्याख्या अदर्शन अशी केली, प्रत्यय दिसेनासा झाल्यावरही त्याचे कार्य उरते असा स्वतंत्र नियम सांगितला, आणि इतकेच करून न थांबता प्रत्ययांच्या नाहीसे होण्याच्या काही प्रकारांना लुक्, श्लु आणि लुप् अशी वेगवेगळी नावे देऊन, त्या प्रकारांत ते कार्य कोठे उरत नाही याचाही अपवाद नोंदवला. जे दिसत नाही त्याचेही प्रकार असतात, आणि त्यांचे परिणाम एकमेकांहून भिन्न असतात, ही जाण त्या सूत्रकाराला होती. मराठी शाळेत विभक्तींचा तक्ता पाठ करणाऱ्या मुलालाही, प्रथमेच्या रकान्यात प्रत्यय नसला तरी प्रथमा ही विभक्ती असतेच, हे कळत असते.

आता प्रत्यक्ष साधनांकडे येतो. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये हे वर्णन यंत्राच्या आज्ञांत उतरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे युनिक्स प्रणालीत ‘एड’ या संपादकातून ‘ग्रेप’ हे शोधसाधन निघाले. ग्रेपला रिकामा नमुना दिला तर ते प्रत्येक ओळ जुळली असे सांगते, आणि ते योग्यच आहे, कारण कोणत्याही ओळीत शून्य लांबीची अक्षरमाला असतेच. आता याच साधनाला नमुन्यांची यादी फाइलमधून देता येते. फाइल संपूर्ण रिकामी असेल तर तिच्यात शून्य नमुने आहेत, सबब एकही ओळ जुळत नाही. परंतु त्या फाइलमध्ये एकच कोरी ओळ असेल तर तिच्यात एक नमुना आहे, तो रिकामा आहे, आणि म्हणून सगळ्या ओळी जुळतात. सरकारी कचेरीतील कोणालाही हा भेद समजावून सांगावा लागणार नाही: ज्या तालुक्याकडून अहवालच आला नाही त्याची बाब वेगळी, आणि ज्याच्याकडून सहीशिक्क्यानिशी ‘निरंक’ असा अहवाल आला त्याची वेगळी. ग्रेपने गणिताची ही शिस्त तंतोतंत पाळली आहे, आणि मला ती वंदनीय वाटते. मात्र ज्याला ती ठाऊक नाही त्याच्या हातून अनर्थ होतो. वगळावयाच्या नावांची यादी एखाद्याने करावी, तिच्या तळाशी नकळत एक कोरी ओळ राहावी, आणि ‘यादीत नसलेली नावे दाखव’ असे सांगितल्यावर यंत्राने एकही नाव दाखवू नये, असे घडते. आणि तेव्हा यंत्राने कोणताही नियम मोडलेला नसतो.

पर्ल ही भाषा आणि एड व सेड हे संपादक यांनी मात्र रिकाम्या नमुन्याला दुसराच अर्थ दिला. नमुन्याची जागा कोरी ठेवली तर एड आणि सेड यांत अगोदर वापरलेला नमुना, आणि पर्लमध्ये अगोदर यशस्वी झालेला नमुना, पुन्हा लागू होतो. टंकलेखनाचे श्रम वाचवण्यासाठी संपादकात हे सोयीचे होते. परंतु पर्लच्या कार्यक्रमात नमुना एखाद्या चलातून येत असला आणि तो चल प्रसंगवशात रिकामा निघाला, तर शोध निमूटपणे दुसऱ्याच वस्तूचा होऊ लागतो. येथे रिक्ततेचा अर्थच बदलला आहे. मला स्वतःला ही तडजोड पसंत नाही; कोऱ्या जागेचा अर्थ ‘मागील हुकूम कायम’ असा लावणे, हे तो मागील हुकूम देणाऱ्याच्या नजरेसमोर असेपर्यंतच क्षम्य आहे.

खरी तफावत मात्र पुढेच आहे. गणित एका अक्षरमालेविषयी ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ इतकेच बोलते. मजकुरातून एकामागून एक सर्व जुळण्या काढा, किंवा प्रत्येक जुळणीच्या जागी दुसरे काही घाला, असे म्हटल्यावर एक जुळणी संपल्यानंतर पुढचा शोध कोठून सुरू करावयाचा, हे ठरवण्याची जबाबदारी साधन घडवणाऱ्यावर येऊन पडते. जुळणीला लांबी असेल तर उत्तर उघड आहे: ती संपली तेथून. लांबी शून्य असेल तर ‘ती संपली तेथून’ म्हणजे ‘ती सुरू झाली तेथूनच’. आणि त्या जागी पुन्हा तीच रिक्त जुळणी मिळेल, पुन्हा तीच, अनंत काळ. हा केवळ तर्काचा धोका नव्हे. जावास्क्रिप्टमध्ये एक-एक जुळणी मागणारे आवर्तन हाताने लिहिले आणि नमुना रिकामा जुळू शकणारा असला, तर पुढील शोधाच्या स्थानाचा आकडा पुढे सरकतच नाही, आणि लिहिणाऱ्याने तो आपण होऊन वाढवला नाही तर ब्राउझरमधले पान गोठते. पुष्कळ भाषांत अंतर्भूत असलेल्या पीसीआरई या संचाच्या नमुनादाखल कार्यक्रमात तर या एका प्रसंगासाठी स्वतंत्र तजवीज लिहून दाखवली आहे: रिक्त जुळणी मिळाली की त्याच स्थानी, पण रिक्त जुळणीला मनाई करून, पुन्हा प्रयत्न करावा; तो फसला तर एक अक्षर पुढे जावे; आणि पुढे जाताना ओळीच्या शेवटची दोन चिन्हे जोडीने येत असतील तर त्यांच्यामध्ये थांबू नये.

‘कमळ’कडे परत येऊ. ‘म*’च्या प्रत्येक जुळणीच्या जागी एक आडवी रेघ घाला, असे सेडला सांगितले तर उत्तर येते ‘-क-ळ-’. पर्लला सांगितले तर ‘-क--ळ-’. दोघांचे भांडण एकाच फटीवरून आहे. सुरुवातीची रिक्त जुळणी दोघांना मान्य; ‘म’ची लांबी असलेली जुळणी दोघांना मान्य; शब्दाच्या अखेरची रिक्त जुळणीही मान्य. ‘म’ संपल्यानंतर आणि ‘ळ’ सुरू होण्यापूर्वी जी फट आहे, तेथेही शून्य ‘म’ आहेत. सेडचे म्हणणे असे की ही फट नुकत्याच संपलेल्या जुळणीला चिकटलेली आहे, तेव्हा तिला वेगळी गणू नये. आणि गो भाषेच्या रचनाकारांनी हाच नियम आपल्या दस्तऐवजात स्पष्ट शब्दांनी लिहून ठेवला आहे. पर्लचे म्हणणे असे की आधीच्या जुळणीला लांबी होती, ही रिक्त आहे, दोन्ही भिन्न आहेत. एकाच जागी दोन रिक्त जुळण्या होऊ नयेत, एवढेच बंधन पुरे. दोन्ही पक्ष सुसंगत आहेत, आणि ज्याला रिक्त जुळणी ही खरी जुळणी वाटते त्याला पर्लचा पक्ष अधिक प्रामाणिक वाटेल. मला तो वाटतो.

पायथनची कैफियत या बाबतीत विशेष आहे, कारण तिने पक्ष बदलला. दीर्घकाळ ती सेडप्रमाणे ‘-क-ळ-’ असे उत्तर देत होती. जून २०१८ मध्ये निघालेल्या ३.७ या आवृत्तीपासून ती पर्लप्रमाणे ‘-क--ळ-’ देते. त्याच आवृत्तीपासून, रिकाम्या जागी जुळणाऱ्या नमुन्यावर मजकूर तोडण्याची मुभाही तिने दिली. बदल जाहीर करून, उदाहरण देऊन केला गेला. पण विचार करा: कार्यक्रमाचे एक अक्षरही न बदलता, त्याच मजकुरावर, यंत्रावरील पायथन नवी केल्याबरोबर उत्तर बदलले.

आणि ‘कमळ’च्या उदाहरणात जावास्क्रिप्ट पर्लप्रमाणेच ‘-क--ळ-’ देते, तरी या दोघी खरोखर एकमताच्या नाहीत. नमुना असा घ्या की कोणतेही एक अक्षर असेल किंवा नसेल, पण शक्यतो नसावे. पर्ल प्रथम ‘क’च्या अलीकडे रिक्त जुळणी देते, मग त्याच जागी रिक्ततेला मनाई असल्यामुळे ‘क’ देते, मग पुन्हा रिक्त, मग ‘म’, आणि असे करत तिन्ही अक्षरे आणि चारही फटी हाती येतात. जावास्क्रिप्ट रिक्त जुळणी मिळाल्यावर एक पाऊल पुढे टाकते आणि तेथे पुन्हा रिक्त जुळणी घेते; तिला चार फटी मिळतात आणि अक्षर एकही मिळत नाही. एकीने मागे वळून पाहिले, दुसरीने ओलांडून टाकले. या ओलांडण्याच्या पावलाकडे लक्ष असू द्या, कारण त्या पावलाची लांबी किती, हाच मराठी मजकुरापुढचा मुख्य प्रश्न आहे, आणि त्याकडे मी थोड्याच वेळात येणार आहे.

तत्पूर्वी कामोठ्याच्या पत्त्यांचे एक उदाहरण, कारण रिक्त जुळणी खरी केव्हा आणि खोटी केव्हा, हे त्यातून जितके उघड होते तितके दुसऱ्या कशातून होत नाही. वसाहती आखणाऱ्या सिडको या संस्थेची स्थापना मार्च १९७० मधली. तिने आखलेल्या वसाहतींत घराचा पत्ता सेक्टर आणि प्लॉट यांच्या आकड्यांनी सांगतात, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात येऊन कामोठे तिच्या हद्दीत गेले तरी पत्त्यांची ही रीत कायम आहे. परंतु वसाहतीच्या पूर्वीपासून येथे कामोठे गाव आहे, आणि गावातल्या घराच्या पत्त्यात सेक्टर असण्याचे कारण नाही. समजा, एका सभासदयादीतून सेक्टरचा आकडा वेगळ्या रकान्यात काढावयाचा आहे, आणि लिहिणाऱ्याने नमुना दिला: पत्त्याच्या अखेरीस येणारे अंक, शून्य किंवा अधिक. यादीत एक नोंद ‘कामोठे, सेक्टर ११’ अशी आहे आणि दुसरी ‘कामोठे गाव’ अशी. पायथनचा अंकवर्ग देवनागरी अंक ओळखतो. तो पहिल्या नोंदीतून ११ काढील. जावास्क्रिप्टचा अंकवर्ग फक्त इंग्रजी अंकांपुरता आहे; त्याला ११ हे अंक वाटतच नाहीत. पण शोध अयशस्वी होत नाही! पत्त्याच्या अगदी शेवटी, शेवटच्या एक या अंकाच्याही पलीकडे, शून्य अंक आहेतच. नमुना जुळला, रकाना कोरा गेला, तक्रार कोणीच केली नाही. गावातल्या घराचाही रकाना कोराच गेला. आता त्या यादीत दोन कोरे रकाने आहेत: एक सत्य सांगतो की या घराला सेक्टर नाही, आणि दुसरा असत्य सांगतो, आणि पाहणाऱ्याला दोघांत कसलाच भेद दिसत नाही.

येथे ताऱ्याऐवजी अधिकचे चिन्ह लिहावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बरोबर आहे, पण पुरेसा नाही. त्याने दोन्ही नोंदी ‘सापडले नाही’ या एकाच ढिगात जाऊन पडतील. रुजुवात दोन पायऱ्यांनी करावी लागते. प्रथम ‘सेक्टर’ हा शब्द आहे काय हे पाहावे. असेल तर त्यापुढे किमान एक अंक, देवनागरी वा इंग्रजी, असलाच पाहिजे अशी सक्ती करावी, आणि तो नसेल तर काम थांबवून माणसाकडे विचारणा करावी. ‘सेक्टर’ हा शब्दच नसेल तरच रकाना कोरा सोडावा. अशाने कोऱ्या रकान्यामागे एक निर्णय उभा राहतो. शून्य वेळा येण्याची परवानगी नमुन्यात देणे म्हणजे ‘नसले तरी चालेल’ असे विधान करणे होय. आणि ते विधान करण्याचा अधिकार ज्याला त्या विषयाची माहिती आहे त्यालाच असावा.

आता फटींकडे. ‘कामोठे’ या शब्दात किती फटी आहेत? वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात, का, मो आणि ठे. तेव्हा दोन टोके धरून चार फटी. युनिकोड या संकेतपद्धतीच्या लेखनात मात्र हा शब्द क, काना, म, ओकार, ठ, एकार अशा सहा चिन्हांचा आहे. म्हणून सात फटी. आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे अठरा बाइट, एकोणीस फटी. रिकाम्या नमुन्याने ‘प्रत्येक फटीत एक रेघ घाला’ असे सांगितले तर तीन साधने तीन उत्तरे देतील. जे बाइटांवर चालते (पीएचपी या भाषेत नमुन्याला युनिकोडची खूण लावायची राहून गेली की हेच होते) ते प्रत्येक चिन्हाचे तीन तुकडे करील, आणि मागे जे उरेल त्याला मजकूर म्हणता येणार नाही. जे चिन्हांवर चालते ते क आणि त्याचा काना यांच्यामध्ये रेघ ओढील, आणि काना अधांतरी राहील. मराठी वाचकाच्या चार फटी मोजणारे साधन आपण मुद्दाम मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

मात्रा वेगळ्या का ठेवल्या, याला कारण आहे आणि ते निंद्य नाही. भारतीय लिप्यांसाठी १९८८ मध्ये तयार झालेली इस्की ही संकेतपद्धती व्यंजन आणि स्वरचिन्ह यांना वेगळे संकेत देत होती; त्यामुळे थोड्या संकेतांत सर्व जोडाक्षरे बसत, आणि एका लिपीतून दुसरीत जाणे सुलभ होई. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरून घेतली. टंकणाऱ्याच्या दृष्टीने हे सर्वथा सोयीचे आहे. अडचण येते ती फक्त मधल्या फटीत काही घालावयाचे किंवा तेथे तोडावयाचे असेल तेव्हा. आणि रिक्त जुळणी नेमकी तेथेच उभी राहते.

शब्दसीमेचा प्रकार याहून बिकट आहे. रेजेक्समध्ये शब्दसीमा हीही लांबी नसलेलीच वस्तू: जिच्या एका बाजूला शब्दातले अक्षर आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी फट. पण शब्दातले अक्षर कशाला म्हणावे? युनिकोडच्या रेजेक्सविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार काना-मात्रांसारखी जोडचिन्हे शब्दात मोडतात, आणि पर्ल ते मानते. पायथनचा अंतर्भूत संच फक्त वर्ण आणि अंक मोजतो. मात्रांना तो शब्दाबाहेर टाकतो. परिणामी ‘कामोठे’त त्याला सहा शब्दसीमा दिसतात: आरंभी एक, आणि आत प्रत्येक चिन्हाच्या सांध्यावर एक, मात्र शब्द जेथे खरोखर संपतो त्या एकाराच्या पलीकडे एकही नाही. शब्द काढून द्या म्हटले की तो क, म आणि ठ असे तीन ‘शब्द’ काढून देतो. जावास्क्रिप्टची शब्दसीमा इंग्रजी वर्णांपुरती असल्यामुळे तिला ‘कामोठे’त एकही सीमा दिसत नाही. मराठी शब्दांची वारंवारिता मोजणाऱ्या, किंवा शुद्धलेखन तपासणारे साधन लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हे पहिल्याच दिवशी येते, आणि आपलेच काही चुकले असे समजून तो बिचारा रात्र घालवतो. पायथनसाठी ‘रेजेक्स’ या नावाचा जो स्वतंत्र संच मिळतो, त्यात वाचकाला दिसणारे संपूर्ण अक्षर एकदम घेण्याची सोय आहे. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने प्रथम तो बसवावा असे मी आग्रहाने सांगेन.

तरीही ‘वाचकाला दिसणारे अक्षर’ ही कल्पनाही अलीकडेपर्यंत आपल्या लिपीला पुरती लागू नव्हती. ‘राष्ट्र’ या शब्दात सात चिन्हे आहेत. युनिकोडच्या जुन्या नियमांनी त्याचे रा, ष्, ट् आणि र असे चार गट पडत, म्हणजे ‘ष्ट्र’ या एका अक्षराच्या पोटात दोन फटी कायदेशीर ठरत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीने देवनागरी, बंगाली, गुजराती, उडिया, तेलुगू आणि मल्याळम या सहा लिप्यांसाठी नवा नियम घातला आणि जोडाक्षर अखंड मानले. आता रा आणि ष्ट्र असे दोनच गट. ज्या साधनात ही आवृत्ती उतरली ते एक उत्तर देईल आणि ज्यात उतरली नाही ते दुसरे.

त्या सहांत मोडी नाही. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ च्या ७.० आवृत्तीत स्थान मिळाले, परंतु ते मूळ पासष्ट हजारांच्या पहिल्या विभागाबाहेर. त्यामुळे जावास्क्रिप्टच्या अंतर्गत लेखनात मोडीच्या प्रत्येक चिन्हाला दोन अर्ध्या संकेतांची जोडी लागते. आणि रिक्त जुळणीनंतर टाकायचे ते एक पाऊल, ज्याकडे लक्ष ठेवा असे मी मघाशी म्हणालो, युनिकोडची खूण लावली नसेल तर त्या जोडीच्या बरोबर मध्ये पडते. देवनागरीत मात्रा तुटते. येथे चिन्हच दुभंगते. खूण लावली असता पाऊल संपूर्ण चिन्हाएवढे पडते, आणि हा फरक जावास्क्रिप्टच्या प्रमाणग्रंथात विधिवत सांगितलेला आहे.

मोडीचा उल्लेख मी केवळ हौसेने केला नाही. मोडी पत्रांत लेखणी न उचलता ओळ सरळ पुढे जाते आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासूनच्या काही वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड देवनागरीत छापले गेले, तेव्हा त्या पानांवरील शब्दाशब्दांमधली मोकळी जागा मूळ कागदावर नव्हती. ती कोणा जाणकार वाचकाने, अर्थ लावून, हाताने घातलेली आहे. प्रत्येक फटीपाशी थांबून येथे तोडावे की न तोडावे याचा निवाडा त्याने केला. उद्या ही पत्रे यंत्राने वाचली जातील, आणि जेथे-जेथे रिकामी जागा घालता येईल तेथे-तेथे रिक्त जुळणी उभी असेल; त्यातली कोणती फट शब्दाची, कोणती अक्षराची आणि कोणती केवळ संकेताच्या दोन अर्धुकांची, हे साधनाला सांगावे लागेल, आणि ते सांगणारी माणसे मोडी आणि रेजेक्स दोन्ही जाणणारी असावी लागतील. अशी माणसे पनवेल तालुक्यात, या सभागृहातही असू शकतील. त्यांनी एकमेकांना भेटावे म्हणून मी हा विषय घेतला आहे.

या कामाची सुरुवात लहान असू शकते. मराठी मजकुरासाठी कोणतेही शोधसाधन स्वीकारण्यापूर्वी ते ज्यावर तपासावे अशी दहा-वीस ओळींची एक चाचणीयादी आपण तयार करून सर्वांना खुली ठेवावी. तीत ‘कमळ’ आणि ‘म*’ असावेत, रेघ एक येते की दोन हे पाहण्यासाठी. ‘कामोठे’ आणि रिकामा नमुना असावा, फटी चार, सात की एकोणीस हे पाहण्यासाठी. ‘राष्ट्र’ असावा, आणि जोडाक्षरात ऱ्यासाठी वेगळे चिन्ह लागणारा ‘दऱ्या’ असावा. ‘सेक्टर ११’ आणि ‘कामोठे गाव’ हे दोन पत्ते असावेत. मोडीची एक ओळ असावी. आणि तळाशी कोरी ओळ असलेली नमुन्यांची एक फाइल असावी. प्रत्येकापुढे अपेक्षित उत्तर माणसाने लिहिलेले असावे, आणि मिळालेल्या उत्तरापुढे साधनाचे नाव, त्याची आवृत्ती, युनिकोडची आवृत्ती आणि तपासणीची तारीख, कारण ३.६ आवृत्तीच्या पायथनने दिलेला दाखला ३.७ ला लागू पडत नाही.